आधी धुणं, मग भाजणं : ओझोन रिॲक्टरमधल्या थकलेल्या उत्प्रेरकाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : इचलकरंजीतलं एक कापड प्रोसेस हाऊस, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा) तिसरा टप्पा

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीमुळे डाइंग खातं बंद आहे, तेवढ्यात रिॲक्टर रिकामा करून घेतला. एकदा जिगर आणि पॅडर ही रंगाईची यंत्रं सुरू झाली की पाणी थांबवायला कुणी तयार होत नाही. आतल्या गोळ्या गॅमा ॲल्युमिनाच्या, ३ ते ५ मिलिमीटरच्या, त्यावर तांबं आणि मँगनीज यांची ऑक्साइडं. नव्या असताना काळ्याकुट्ट होत्या. आता वरचा हातभर थर राखाडी, मधला काळपट आणि तळाचा जवळपास मूळ रंगाचा. पाणी वरून येतं, ओझोन खालून. म्हणजे जे काही चिकटलंय ते पाण्याबरोबर आलंय.

ही वही पुढे दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल म्हणून थोडं मागचं लिहून ठेवतो. जैविक टाकीतून सुटलेल्या पाण्यात रंग उरतो आणि सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचा आकडा, लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास अडून बसतो. एकटा ओझोन रंग झटक्यात कापतो, पण रंगाच्या रेणूचे तुकडे होत होत शेवटी ऑक्झॅलिक, ॲसेटिक अशी लहान ॲसिडं उरतात आणि त्यांच्यापुढे ओझोनचं फारसं चालत नाही. उत्प्रेरकावर ओझोन फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल्स तयार होतात, ती या ॲसिडांनाही सोडत नाहीत. आमचा रिॲक्टर पावसाळ्यापर्यंत नीट चालला. त्यानंतर बाहेर येणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण सीओडी काही हलेना. रंग गेला म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुरवठादाराला विचारलं तर उत्तर एका ओळीचं : ५०० अंशाला चार तास भाजा, नाहीतर नवीन माल घ्या. गोळ्या कशाने गेल्या हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

तिन्ही थर वेगवेगळ्या ड्रममध्ये भरले. काळी धूळ खूप उडते, त्यात मँगनीज आहे, तेव्हा मास्कशिवाय कुणी जवळ यायचं नाही. ड्रमवर धोकादायक कचऱ्याचं लेबल आणि आजची तारीख. २०१६ च्या नियमांनुसार असा माल आवारात ९० दिवस ठेवता येतो, म्हणजे ३ फेब्रुवारीपर्यंत. परत वापरायचा माल कचरा कसा, असं मॅनेजर साहेबांनी विचारलं. म्हटलं, परत वापरता आला की लेबल आपण होऊन काढू.

८ नोव्हेंबर

वरच्या थरातली गोळी ब्लेडने मधोमध कापली आणि कापडातले आडवे धागे मोजायच्या भिंगाखाली धरली. आतून काळी, आणि बाहेरून नखाच्या कडेएवढी पातळ पांढुरकी साल. साल बोटाने पुसली जात नाही, ब्लेडने खरवडली तर काचेसारखी टचकन तुटते. तळाच्या गोळीला साल नाही.

सायट्रिक ॲसिडच्या थेंबाने वरच्या गोळीला थोडे बुडबुडे आले, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. पण बुडबुडे थांबल्यावरही साल तशीच. ऑपरेटर मामांनी आपल्या पद्धतीने गोळ्या बादलीत खळाखळा धुतल्या आणि म्हणाले, “साहेब, ह्ये काय मळ न्हाई, ह्ये धरून बसलंय.”

इथे ऑक्झॅलिक ॲसिड वापरायचा मोह होतो, गंजासाठी सगळे तेच वापरतात. वापरायचं नाही. ऑक्झॅलिक ॲसिड मँगनीज डायऑक्साइडला विरघळवतं आणि वर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडेही देतं. बघणाऱ्याला वाटतं क्षार निघतोय, आणि निघत असतो उत्प्रेरकच.

१३ नोव्हेंबर

तपासणीची पद्धत ठरवली. खऱ्या सांडपाण्यावर चाचणी घेण्यात अर्थ नाही, ते रोज बदलतं. असा पदार्थ हवा जो एकट्या ओझोनने जवळजवळ हलत नाही, म्हणजे जे कमी होईल ते गोळ्यांचं काम. ऑक्झॅलिक ॲसिड त्यासाठी अगदी योग्य, आणि मोजणी बारावीच्या प्रॅक्टिकलमधली : सल्फ्युरिक ॲसिड घालून गरम करायचं आणि पोटॅशियम परमँगनेटने फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत टायट्रेशन.

काचेच्या कॉलममध्ये ५० ग्रॅम गोळ्या, एक लिटर द्रावण, एक तास ओझोन. द्रावण लिटरला ९० मिलिग्रॅमचं. बाटलीतलं ॲसिड दोन रेणू पाणी घेऊन येतं म्हणून वजन १२६ मिलिग्रॅम करायचं. कॉस्टिक सोड्याने पीएच ७ वर आणायचा, नाहीतर आम्लातच मँगनीज आणि तांबं सुटायला लागतं. आकडा मुद्दाम असा निवडलाय की सुरुवातीच्या १०० मिलिला ०.०१ नॉर्मल परमँगनेट बरोबर २० मिलि लागतं. मग पुढचं सगळं ब्युरेटवर थेट वाचता येतं : जितका आकडा लहान, तितकी गोळी जिवंत. टायट्रेशनआधी नमुन्यातून हवा सोडून उरलेला ओझोन घालवायचा.

लॅबमधल्या मॅडमनी एक चांगला मुद्दा काढला : ॲल्युमिना ऑक्झॅलेट नुसतं शोषूनही घेतं, तेही आपण उत्प्रेरकाच्या खात्यावर जमा करणार का? तेव्हा प्रत्येक गोळीची एक फेरी ओझोनऐवजी नुसत्या ऑक्सिजनवर.

आजचे आकडे, ब्युरेटवरचे मिलि. गोळ्यांशिवाय ओझोन : १८.८. पोत्यात उरलेल्या कोऱ्या गोळ्या : ५.१. वरचा थर : १६.३. मधला : ११.०. तळाचा : ६.२. नुसत्या ऑक्सिजनवर कोऱ्या गोळ्या १८.४, वरचा थर १९.७.

शेवटच्या दोन आकड्यांकडे मी जास्त वेळ पाहत बसलो. वरच्या थराचं शोषणंच बंद झालंय. म्हणजे तांबं आणि मँगनीज कमी झालं असेल-नसेल, पण पृष्ठभागापर्यंत पाणी पोचतच नाहीये.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, सुट्टी. नमुने काल बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले : सिलिका, कॅल्शियम, फॉस्फरस, तांबं, मँगनीज आणि पृष्ठभागाचं क्षेत्रफळ.

२२ नोव्हेंबर

अहवाल यायच्या आत पुरवठादाराचा सल्ला जसाच्या तसा करून पाहिला, फक्त तापमान ४५० ठेवलं. ५०० च्या थोडं पुढे मँगनीज डायऑक्साइड ऑक्सिजन सोडून दुसऱ्या ऑक्साइडमध्ये जायला लागतं, आणि साध्या मफल भट्टीचा काटा आतल्या प्रत्येक कोपऱ्याचं खरं तापमान सांगत नाही. आठशेच्या आसपास गेलं तर तांबं ॲल्युमिनातच मुरतं, मग ते परत मिळत नाही.

आधी ११० अंशाला रात्रभर वाळवल्या. ओल्या गोळ्या भट्टीत टाकल्या की आतल्या वाफेने तडकतात. मग मिनिटाला दोन अंश या गतीने २५० पर्यंत, तिथे थोडा थांबा, मग ४५०. ट्रेमध्ये थर दोन बोटांपेक्षा जाड नको. सेंद्रिय घाण जळताना स्वतःची उष्णता देते, शिवाय तांब्याचं ऑक्साइड ते जळणं वाढवतं. ढीग केला तर मधल्या गोळ्या काट्यापेक्षा कितीतरी जास्त तापतात आणि बाहेर कुणाला कळत नाही.

निकाल : १४.४. सोळावरून चौदा. भाजून झालेल्या गोळ्या दिसायला मात्र छान काळ्या झाल्यात. मॅनेजर साहेब खूश. त्यांना ब्युरेट दाखवली.

२९ नोव्हेंबर

अहवाल आला. कोरी गोळी आणि वरचा थर यांची तुलना : तांबं ३.१ टक्क्यांवरून २.३, मँगनीज ५.० वरून ४.५, क्षेत्रफळ ग्रॅमला १९० चौरस मीटरवरून ११८. कॅल्शियम थोडं, फॉस्फरस किरकोळ. सिलिका २.९ टक्के, आणि कोऱ्या गोळीत ती जवळजवळ नाहीच.

तर ही सिलिका. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात ती असतेच, सगळा काळा पाषाण आहे. पण नुसत्या बोअरच्या पाण्याने काही महिन्यांत एवढी साल धरणार नाही. डाइंग मास्तरांकडे गेलो. पावसाळ्यात मोठी ऑर्डर आली तेव्हा जिगरवरचं बरंच काम त्यांनी कोल्ड पॅड बॅचवर नेलं, कारण त्यात वाफ लागत नाही. कापड रंग आणि अल्कलीत बुडवून पिळायचं, रोलवर गुंडाळायचं, वर प्लास्टिक, आणि रोल फिरत ठेवून रात्रभर मुरू द्यायचं. त्या अल्कलीत कॉस्टिकच्या जोडीला सोडियम सिलिकेट असतं, पिंपांनी. दुसऱ्या दिवशी कापड धुतलं की ते सगळं गटारात.

तारखा तंतोतंत जुळतात.

आत काय होतं तेही आता स्पष्ट आहे. धुण्याच्या पाण्याचा पीएच अकराच्या वर, तिथे सिलिकेट विरघळलेलं राहतं. आपण ईटीपीत ॲसिड घालून पीएच साडेसात-आठवर आणतो की सिलिसिक ॲसिड सुटं होतं. ॲल्युमिनाला ते नेमकं याच पट्ट्यात सगळ्यात जास्त आवडतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडसाठी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाची गाळणी वापरतात, तिथेही पाण्यात सिलिका जास्त असली की गाळणी लवकर थकते. रोग जुना आहे, फक्त आपल्या खात्यात नवा.

४ डिसेंबर

फ्लोराइडच्या गाळण्या एक टक्का कॉस्टिकने धुऊन परत वापरतात. तोच धागा धरला. वरच्या थराच्या न भाजलेल्या गोळ्या : आधी साधं पाणी खालून वर, मग दोन टक्के सायट्रिक ॲसिड फक्त दहा मिनिटं, पुन्हा पाणी, मग एक टक्का कॉस्टिक ६० अंशाला दोन तास.

सायट्रिकची वेळ मुद्दाम कमी ठेवली. कॅल्शियमची साल काढली नाही तर कॉस्टिक आत पोचत नाही, पण जास्त वेळ ठेवलं तर सायट्रिक तांब्यालाही ओढतं. अर्धा तास ठेवलेल्या नमुन्याचं पाणी हिरवट निळं झालं.

कॉस्टिकमध्ये सिलिका खरंच निघतेय का हे बघण्यासाठी धुण्याचं पाणी आम्ल करून त्यात अमोनियम मॉलिब्डेट घातलं. पिवळा रंग आला. फॉस्फेटही असाच पिवळा देतं, म्हणून वर थोडं ऑक्झॅलिक ॲसिड : फॉस्फेटचा पिवळा त्याने मोडतो, सिलिकेटचा टिकतो. टिकला. पहिल्या धुण्यात गडद, दुसऱ्यात फिका, तिसऱ्यात जेमतेम. ही छोटी कसोटी मला कुठल्याही महागड्या अहवालापेक्षा उपयोगाची वाटते. टाकीशेजारी उभं राहून कळतं की धुणं कधी थांबवायचं.

पीएच उतरवायला अगदी पातळ नायट्रिक घेतलं. फ्लोराइडवाले सल्फ्युरिक वापरतात, ते त्यांना चालतं. इथे सल्फेट परत त्याच जागा अडवतो ज्या आपण मोकळ्या केल्या. शेवटी चांदीच्या नायट्रेटने पांढुरकं येईनासं होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी. क्लोराइड राहिलं तर पुढे भट्टीत तांब्याशी जुळतं, आणि तांब्याचं क्लोराइड ऑक्साइडसारखं जागेवर बसून राहत नाही.

नुसतं धुऊन : १०.२. ऑक्सिजनवरची फेरी : १८.६. शोषण कोऱ्या गोळीच्या जवळपास आलं.

५ डिसेंबर

मॅडमनी चार टक्के कॉस्टिकचा नमुनाही लावून ठेवला होता, जास्त दिलं तर जास्त निघेल का बघायला. गोळ्या बोटांत चुरल्या. ते पाणी पीएच ७ ला आणताच पांढरा चिकट गोळा झाला. त्यात सिलिका असणारच, पण एवढा गोळा नुसत्या सिलिकेचा नाही, तो ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. आपल्या जिल्ह्यातलं बॉक्साइट बेळगावला जातं, तिथेही त्यातलं ॲल्युमिना गरम कॉस्टिकमध्येच विरघळवून काढतात. तेव्हा एक टक्का, साठ अंश, दोन तास. याच्या वर कुणी जायचं नाही.

१२ डिसेंबर

आता खरा प्रश्न : आधी भाजून मग धुतलं तर?

२२ नोव्हेंबरच्या भाजलेल्या गोळ्या त्याच पद्धतीने धुतल्या. १२.९. पिवळा रंगही फिका आला. आणि धुतलेल्या गोळ्या मग ४५० ला भाजल्या : ८.०.

तीच भट्टी, तेच कॉस्टिक, क्रम उलटा. न भाजलेली सिलिका पाणी धरून सैल बसलेली असते, कॉस्टिकमध्ये सुटते. भट्टीत तिचं पाणी उडतं, रेणू एकमेकांना घट्ट पकडतात आणि मग एक टक्का कॉस्टिकला ती दाद देत नाही. पुरवठादाराच्या त्या एका ओळीने सगळा माल कायमचा गेला असता, आणि दिसायला काळाभोर झाला असता.

नोंद मोठ्या अक्षरांत फळ्यावर लावली : धुतल्याशिवाय भट्टी नाही.

१९ डिसेंबर

भट्टीऐवजी ओझोननेच सेंद्रिय घाण काढता येईल का, ते पाहिलं. धुतलेल्या गोळ्या कॉलममध्ये, स्वच्छ पाणी, रात्रभर ओझोन. ८.६.

म्हणजे भट्टीने ८.० आणि ओझोनने ८.६. एवढ्या फरकासाठी सगळा माल भाजायचा का? आपली मफल भट्टी पावशेर-अर्धा किलोची. कोल्हापूर-शिरोलीकडे हीट ट्रीटमेंटच्या मोठ्या भट्ट्या खूप आहेत, ४५० अंश त्यांना किरकोळ, मॅनेजर साहेबांनी दोघांना फोनही केला. पण धोकादायक कचऱ्याचं लेबल लावलेला माल परवानगी नसलेल्या भट्टीत पाठवता येत नाही, आणि लोखंड कडक करणाऱ्यांनी सांडपाण्यातली घाण जाळायची तरी का? ओझोन आपल्याकडे आहेच, यंत्र दिवाळीपासून नुसतं उभं आहे.

२७ डिसेंबर

गेलेलं तांबं-मँगनीज परत भरून पाहिलं. १०० ग्रॅम वाळलेल्या गोळ्या किती पाणी पितात ते आधी मोजायचं : थेंब थेंब घालत हलवत राहायचं, गोळ्या एकमेकींना चिकटायला लागल्या की थांबायचं. ४५ मिलि. तेवढ्याच द्रावणात ३.०५ ग्रॅम कॉपर नायट्रेट आणि ५० टक्क्यांचं मँगनीज नायट्रेट ३.२५ ग्रॅम. हे ०.८ ग्रॅम तांबं आणि ०.५ ग्रॅम मँगनीज झालं, अहवालातल्या तुटीइतकं. सगळं द्रावण गोळ्यांनी पिऊन टाकलं, तळाला थेंब नाही. वाळवून ४५० ला.

भाजताना तपकिरी धूर निघतो, नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसाला वाईट. धुराडं आणि त्याच्या तोंडाशी कॉस्टिकची बाटली नसेल तर हे करूच नये.

५.८. कोऱ्या गोळीच्या अगदी जवळ. तीच चाचणी ओळीने पुन्हा पुन्हा घेतली, ६.१ वर स्थिर.

आनंद झाला, पण मोठ्या प्रमाणावर करायचं नाही असंच ठरलं. शेकडो किलोचा नायट्रेटचा धूर, त्याचं धुणं, त्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची वेगळी परवानगी, हे सगळं ८.६ वरून ५.८ वर येण्यासाठी. रिॲक्टरमध्ये ओझोनचा वेळ थोडा वाढवला तर तेवढं काम निघतं. कृती वहीत आहे, कधी लागली तर.

३ जानेवारी २०२५

मोठ्या धुण्याची तयारी. भंगारात काढलेल्या जिगरचा स्टीलचा हौद मिळाला. तळाला वाफेची नळी आहेच, साठ अंश धरायला आणखी काय हवं. गोळ्या सुट्या टाकल्या तर नळीखाली अडकून भरडतात, म्हणून पिशव्या शिवून घेतल्या. शिवणाऱ्याने पॉलिस्टरचं कापड काढलं होतं. ते गरम कॉस्टिकमध्ये झिजतं. सुती टिकतं, त्यालाच तर आपण कॉस्टिकमध्ये ताणून चकाकी आणतो. ग्रे, म्हणजे मागावरून आलेल्या कोऱ्या सुती कापडाच्या पिशव्या झाल्या, अर्ध्या भरलेल्या, म्हणजे आत गोळ्यांना हलायला जागा.

धुण्याच्या पाण्याचं काय, हा प्रश्न मामांनी काढला. “ह्ये पाणी पुन्ना आपल्याच टाकीत सोडायचं? मग काढलं कशापायी?” अगदी बरोबर. बराबरी टाकीत, म्हणजे सगळं सांडपाणी एकत्र होतं त्या पहिल्या टाकीत, सोडलं तर तीच सिलिका फिरून रिॲक्टरवर. वेगळ्या टाकीत चुना आणि मॅग्नेशियम घालून पीएच साडेदहाच्या वर धरला की सिलिका मॅग्नेशियमबरोबर खाली बसते. गाळ फिल्टर प्रेसमधून काढून धोकादायक कचऱ्यात. वरचं पाणी बराबरी टाकीत.

१६ जानेवारी

संक्रांतीनंतर सगळं धुणं उरकलं. तळाच्या थराला फक्त साधं पाणी. मधल्या आणि वरच्या थराला पूर्ण कृती. प्रत्येक पिशवीच्या पाण्यावर मॉलिब्डेटची कसोटी, मामांनी ती दोन दिवसांत अशी उचलली की आता मॅडमना बोलवत नाहीत. धुऊन गोळ्यांचं वजन थोडं कमी भरलं, बारीक चुरा चाळून वेगळा केला.

मास्तरांबरोबर बसलो. सिलिकेट बंद करा म्हटल्यावर ते उखडले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रोलच्या कडेला हवा लागते, हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथली अल्कली खातो आणि कापडाची कड फिकी पडते. सिलिकेट ती अल्कली सांभाळून धरतं. “कड फिकी गेली तर माल परत येतोय, तुमचं पाणी बघायला व्यापारी येत न्हाई,” म्हणाले. शेवटी असं ठरलं : फिक्या छटांना सोडा ॲश आणि कॉस्टिकवर चालवून बघायचं, प्लास्टिक जास्त घट्ट बांधून. गडद छटांना सिलिकेट राहील, पण त्या मशीनचं पहिलं धुण्याचं पाणी वेगळ्या गटाराने थेट चुन्याच्या टाकीत. गटार खोदायला आठवडा लागेल असं गवंडी म्हणतो, म्हणजे दोन धरायचे.

२४ जानेवारी

रिॲक्टर भरला. तळाला तळाच्याच गोळ्या, वर मधल्या, त्यावर वरच्या. सगळ्यात वर, नवीन भर म्हणून, साध्या ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा वीतभर थर, ज्यावर तांबं-मँगनीज काही नाही. जी सिलिका येईल ती आधी त्याला चिकटेल. तो थर स्वस्त आहे, खालचा नाही. मधे स्टीलची जाळी, म्हणजे वरचा थर एकट्याने काढता येतो.

स्वच्छ पाण्यावर रात्रभर ओझोन. ओझोनचा वास दिवसभर येत राहिला, शोधलं तर वरच्या झाकणाचं गॅस्केट दबलं होतं. ०.१ पीपीएमच्या वर कुणी आठ तास उभं राहायचं नाही, इथे तर वासच येत होता. बंद करून गॅस्केट बदललं आणि मग पुढे.

३० जानेवारी

पाणी सुरू होऊन काही दिवस झाले. सीओडी आत १९२, बाहेर १०८. नवीन असताना बाहेर ९५ ते १०० मिळायचं, दिवाळीआधी १६० च्या खाली उतरत नव्हतं.

धातू : पहिल्या काही तासांत बाहेरच्या पाण्यात तांबं ०.३ मिलिग्रॅम, मँगनीज ०.४. आता दोन्ही ०.०५ च्या आसपास. सोडायच्या पाण्याची सरकारी मर्यादा तांब्याला ३ आणि मँगनीजला २ आहे, पण त्यावर समाधान मानायचं नाही. पुढे आरओ आहे, आणि मँगनीज पडद्यावर बसलं की तिथे नवीन रडगाणं. सुरुवातीचं पाणी म्हणूनच आरओला न देता परत फिरवलं.

ड्रमची लेबलं काढली. चुरा आणि फिल्टर प्रेसचा गाळ दहा नंबरच्या फॉर्मवर रांजणगावच्या धोकादायक कचरा केंद्राला रवाना. मुदतीत बसलं.

२७ फेब्रुवारी

गटार झालं. फिक्या छटांच्या पहिल्या रोलची कड मास्तरांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि “चालंल” म्हणाले. एका गुलाबी छटेची कड खरंच फिकी आली, ती परत सिलिकेटवर.

वरच्या ॲल्युमिनाच्या थरातल्या मूठभर गोळ्या कॉस्टिकमध्ये टाकून मॉलिब्डेट घातलं : चांगलाच पिवळा. जाळीखालची गोळी काढून तीच कसोटी : ओळखू येईल न येईल इतका. वरचा थर उद्या सकाळच्या पाळीत काढून धुवायचा, मामांना सांगितलंय. यापुढे धुण्याची तारीख कॅलेंडरवर ठरवायची नाही, दर सोमवारी जाळीखालची एक मूठ आणि ब्युरेट. ऑक्झॅलेटची चाचणी ११ च्या वर गेली की खालचा थरही काढायचा. परमँगनेटची बाटली संपत आलीय, मागवणे.